आबांच्या संगणकाचा ताबा

दिवाळीच्या सुट्टीत मी जयपूरला होतो. बाबांचे पोस्टिंग सध्या तिथे आहे. एका संध्याकाळी साताऱ्याहून आबांचा फोन आला. आबा म्हणजे माझे आजोबा, मराठा लाइट इन्फंट्रीतून हवालदार म्हणून निवृत्त झालेले. नोव्हेंबर आला की पेन्शनवाल्या प्रत्येक घरात हयातीच्या दाखल्याची काळजी सुरू होते. आबांनी गावातल्या केंद्रात जाऊन अंगठा दिला होता. पण त्याची नोंद ‘स्पर्श’ या संरक्षण पेन्शनच्या पोर्टलवर झाली की नाही, हे त्यांना समजत नव्हते. घरात काकांचा जुना लॅपटॉप होता, पण काका मुंबईला.

मी फोनवरून सांगू लागलो. “आबा, वरच्या कोपऱ्यात बघा.” “कुठल्या कोपऱ्यात?” असा अर्धा तास गेला. शेवटी मी त्यांना विंडोजमधले ‘क्विक असिस्ट’ उघडायला लावले. माझ्या संगणकाने सहा अक्षरांचा एक कोड दिला, तो आबांनी त्यांच्याकडे टाइप केला आणि परवानगीचे बटण दाबले. हजार किलोमीटरहून लांबचा त्यांचा पडदा माझ्यासमोर आला. मग मी ताबा मागितला, त्यांनी पुन्हा ‘हो’ म्हटले.

“आरं, ह्यो बाण आपोआप पळतोय की!” आबा ओरडले. पासवर्ड आणि ओटीपी त्यांनी स्वतः टाकला. पासवर्डच्या जागी मला नुसते ठिपके दिसले. पाच मिनिटांत नोंद सापडली. दाखला पोहोचला होता.

हे घडते कसे? आबांचा लॅपटॉप आपल्या पडद्याचे चित्र माझ्याकडे पाठवतो आणि मी हलवलेला माउस, दाबलेली कळ उलट दिशेने त्यांच्याकडे जाते. काम त्यांच्याच यंत्रावर होते. दर वेळी सगळे चित्र पाठवले तर गावाकडचे नेट पुरणार नाही, म्हणून पडद्याचा जेवढा भाग बदलला तेवढाच दाबून, लहान करून पाठवला जातो. मागचे रंगीत चित्र काढून साधा एकरंगी पडदा ठेवला तर काम आणखी सुरळीत चालते, ते यामुळेच.

दुसरी अडचण वाटेची. घरातला राउटर बाहेरून आलेल्या अनोळखी जोडणीला आत घेत नाही. म्हणून दोन्ही संगणक आपापल्या घरातून बाहेर, कंपनीच्या मधल्या सर्व्हरला हाक मारतात आणि तो सर्व्हर दोघांची गाठ घालून देतो. कोणाची गाठ कोणाशी घालायची, हे त्या कोडवरून ठरते. क्विक असिस्टचा कोड थोड्याच मिनिटांत बाद होतो. एनीडेस्कसारख्या साधनात मात्र प्रत्येक यंत्राला ठरावीक क्रमांक असतो.

ही कल्पना नवी नाही. ९ डिसेंबर १९६८ रोजी डग्लस एंगेलबार्ट यांनी सॅन फ्रान्सिस्कोच्या सभागृहात बसून सुमारे पन्नास किलोमीटर दूर मेन्लो पार्कमधला संगणक चालवून दाखवला. माउसचे पहिले जाहीर दर्शनही त्याच दिवशी झाले. तिकडचा सहकारी आणि ते एकाच पडद्यावर काम करत होते. आज बँकांचे, रुग्णालयांचे, कारखान्यांचे संगणक दुरुस्त करणारे अभियंते रोज असेच काम करतात.

इथपर्यंत मी स्वतःवर खूश होतो. दोन दिवसांनी आबांचा पुन्हा फोन आला, या वेळी शेजारच्या काकूंच्या मोबाइलवरून.

“स्पर्शच्या हापिसातून साहेब बोलतोय. दाखल्यात चूक हाय म्हणतोय, आज नीट केली न्हाई तर पेन्शन बंद हुईल. तुझ्यावानीच करायचंय, ॲप घ्या आणि नंबर सांगा म्हणाला. नंबर दिलाय. आता ‘परवानगी द्या’ असं आलंय. दाबू का?”

माझ्या पोटात गोळा आला. आबा फसत होते ते माझ्यामुळे. दोनच दिवसांपूर्वी मी त्यांना असेच करायला लावले होते. दार कसे उघडायचे हे मी शिकवले, पण कोणासाठी उघडायचे हे सांगायचे राहून गेले. मी त्यांना ताबडतोब तो फोन तोडायला, नेट बंद करायला आणि ॲप काढून टाकायला सांगितले. मग त्यांनी पासबुकावरच्या नंबरवर बँकेच्या शाखेला कळवले आणि १९३० या राष्ट्रीय सायबर मदत क्रमांकावर माहिती दिली. पैसा गेला नाही.

त्यांनी ते बटण दाबले असते तर? मोबाइलचा पडदा त्या माणसाला दिसला असता, आणि बँकेचा ओटीपी मोबाइलवरच येतो. तो विचारण्याचीही गरज उरली नसती. अशा ॲपच्या आडून होणाऱ्या फसवणुकीबद्दल रिझर्व्ह बँकेने फेब्रुवारी २०१९ मध्येच इशारा दिला होता.

रात्री बाबांना सगळे सांगितले. ते म्हणाले, “संत्री काय करतो? ‘थम, कौन आता है?’ गणवेश बघून तो कोणालाही आत सोडत नाही.” मग त्यांनी राजस्थानातलीच एक गोष्ट सांगितली. मार्च २०१८ मध्ये इथल्या पोलीस शिपाई भरतीच्या ऑनलाइन परीक्षेत, उमेदवाराच्या संगणकाचा ताबा बाहेर बसलेल्या माणसाकडे देऊन उत्तरे भरली जात असल्याचे राजस्थान पोलिसांच्या एसओजीने उघड केले. ती परीक्षा रद्द झाली आणि जुलैमध्ये कागदावर घ्यावी लागली. तिथे समोर बसलेल्याची परवानगी होती, पण ती देण्याचा त्याला अधिकारच नव्हता. आपल्या शाळेच्या प्रयोगशाळेतला किंवा कोणाच्याही कार्यालयातला संगणक आपला नसतो. तिथे असे साधन चालवायचे तर आधी जबाबदार अधिकाऱ्याला विचारायला हवे.

सुट्टी संपण्याआधी मी आबांना पुन्हा फोन केला आणि आम्ही दोघांनी मिळून चार नियम ठरवले. ते त्यांनी कॅलेंडरच्या मागे लिहून ठेवले आहेत.

पहिला, मदत मागण्यासाठी फोन आपण करायचा. मदत करतो म्हणून ज्याचा फोन येईल, त्याला नाही म्हणायचे.

दुसरा, पासवर्ड, पिन आणि ओटीपी कोणालाही सांगायचा नाही, नातवालाही नाही. पडदा दुसऱ्याला दिसत असताना बँकेचे काही उघडायचे नाही.

तिसरा, काम चालू असताना जागेवरून उठायचे नाही. बाण कुठे जातो ते पाहायचे आणि शंका आली की नेट बंद करायचे.

चौथा, काम झाले की जोडणी तोडायची आणि ती तुटल्याची खात्री करायची. बाहेरचे ॲप घेतले असेल तर तेही काढून टाकायचे.

परवा आबांना प्रिंटर लावायचा होता. त्यांनीच मला फोन केला. कोड देण्याआधी मी विचारले, “आबा, मीच बोलतोय कशावरून?” ते क्षणभर थांबले आणि म्हणाले, “माझ्या पलटणीतल्या दोस्ताचं नाव सांग, ज्याच्याबरूबर मी एका ताटात जेवायचो.” मी नाव सांगितले. मग बटण दाबले गेले.

पुढच्या सुट्टीत घरी गेलात की आजी-आजोबांजवळ अर्धा तास बसा. त्यांना हे साधन वापरायला शिकवा, पण त्याआधी ‘नाही’ म्हणायला शिकवा. माझ्याकडून हा क्रम चुकला होता, म्हणून लिहिले.