आजी, हाक मारा ना!

२६ जुलै २००५. सांताक्रूझला चोवीस तासांत तब्बल ९४४ मिलिमीटर पाऊस! कुलाब्यात मात्र त्याच्या एक दशांशही नाही. लोकल बंद, मोबाइल ढिम्म. अंधेरीच्या ऑफिसात खुर्च्या जोडून मी रात्र काढली. डोक्यात एकच किडा... कलिन्याला आमच्या बिल्डिंगमध्ये तळमजल्यावर एकट्या राहणाऱ्या आजी. वय ७८, गुडघे कामातून गेलेले, मुलगा परदेशात.

दुसऱ्या दिवशी पाणी तुडवत घरी पोचले, तर आजी दुसऱ्या मजल्यावर चहा पीत बसलेल्या! वॉचमनला त्यांची आठवण झाली, म्हणून वाचल्या. पाणी पलंगाला लागलं तरी त्यांनी कुणाला हाक मारली नव्हती. का? तर म्हणे, ‘सगळेच अडचणीत, उगाच कुणाला त्रास कशाला?’

तेव्हा पटलं, की मदत मागणं हेसुद्धा आधीच ठरवून ठेवायचं काम आहे.

तुमच्या घरात किंवा शेजारी वयस्कर, आजारी, गरोदर किंवा व्हीलचेअरवर असलेलं कुणी आहे? मग हे आजच करा. दोन शेजाऱ्यांशी बोलून ठेवा: पाऊस वाढला की दार वाजवायचं. जादा किल्ली त्यांच्याकडे द्या. आठवडाभराची औषधं, प्रिस्क्रिप्शन आणि टॉर्च एका प्लास्टिकच्या पिशवीत ठेवा.

फ्रिजवर ठळक अक्षरांत नंबर चिकटवा. कुठल्याही इमर्जन्सीला ११२, अँब्युलन्सला १०८. मुंबईत पालिकेचा आपत्ती कक्ष १९१६, इतर जिल्ह्यांत १०७७. लहान मुलांसाठी १०९८. ज्येष्ठांना माहिती, सल्ला किंवा आधार हवा असेल तर १४५६७. पण जिवावर बेतलं तर आधी ११२च!

फोन लागला की आधी पत्ता सांगा. बिल्डिंग, मजला, जवळची खूण. मग किती जण, कुणाला चालता येत नाही, कोण ऑक्सिजनवर आहे. लाइन मध्येच कटली तरी निदान पत्ता पोचलेला असतो. कॉल लागत नसेल तर नातेवाइकांना एसएमएस करून बघा, तो कधीकधी जातो. तेही नाही जमलं, तर खिडकीतून टॉर्च दाखवा, शिट्टी वाजवा. लाज कसली त्यात?

पुढच्या जूनमध्ये आजींनी स्वतःच घराची किल्ली माझ्या हातात ठेवली. म्हणाल्या, ‘या वेळी हाक मारीन हो!’