सुधारलेली वागणूक टिकते कशी?

मी विशेष मुलांना शिकवते. काही वर्षांपूर्वी माझ्या वर्गात ९ वर्षांचा एक स्वमग्न मुलगा होता. बोलता येत नसे. काम समोर ठेवलं की तो स्वतःचा हात चावायचा. आम्ही घाबरून काम बाजूला करायचो. म्हणजे चावलं की सुटका होते, हे आम्हीच त्याला शिकवत होतो!

हे ध्यानात आल्यावर आम्ही त्याला 'थांबू या' असं सांगणारं चित्राचं कार्ड दिलं. कार्ड दाखवलं की दोन मिनिटं विश्रांती. हळूहळू चावणं थांबलं. आम्ही खूश! पण मे महिन्याची सुट्टी संपवून तो आला, तो हातावर ताज्या जखमा घेऊन. कार्ड शाळेच्या कपाटातच राहिलं होतं. घरी त्याबद्दल कुणाला काही सांगितलंच नव्हतं. चूक आमची होती.

श्रोतेहो, हा धडा जुनाच आहे. अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ आयवार लोवास आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७३ मध्ये २० स्वमग्न मुलांवरील वर्तनोपचारांचा अहवाल प्रसिद्ध केला. त्या काळच्या उपचारांत शिक्षाही असे. ती आज कुणी करू नये. पण त्यांचा एक निष्कर्ष मोलाचा आहे. उपचारांनंतर १ ते ४ वर्षांनी पाहिलं, तेव्हा ज्यांच्या पालकांना ही पद्धत शिकवली होती, ती मुलं आणखी सुधारत होती. संस्थांमध्ये ठेवलेली मुलं मात्र मागे गेली होती. फरक पडला होता तो उपचारांनंतरच्या वातावरणामुळे.

पुढे १९८५ मध्ये एडवर्ड कार आणि मार्क ड्युरँड यांनी दाखवलं, की मुलाला मदत किंवा लक्ष मागण्याचा सोपा मार्ग शिकवला, तर त्रासदायक वागणं कमी होतं. मात्र त्या मागणीला घरीदारी सगळ्यांनी दाद द्यायला हवी.

मग आम्ही त्याच्या आई-बाबांना, आजीला आणि रिक्षावाल्या काकांनाही बोलावलं. प्रत्येकाकडे एकेक कार्ड दिलं. पुढच्या जूनमध्ये तो आला, तेव्हा हातावर नवी जखम नव्हती.

नंतर एकदा चावणं अचानक परतलं. उपचार फसले, असं वाटलं. पाहिलं तर दाढ किडली होती! दाढेवर इलाज झाला आणि चावणंही थांबलं.

म्हणून पालकांना माझं सांगणं आहे, की 'हा असं का वागतो?' हा प्रश्न एकदाच विचारून भागत नाही. तो पुन्हा पुन्हा विचारावा लागतो.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)