दिसणारा जोड : स्वस्तातल्या विज्ञानपटांची चोरटी गोडी

माझं बालपण परभणी जिल्ह्यातल्या बोरी गावात गेलं. गणपतीत वर्गणी काढून व्हीसीआर आणि रंगीत टीव्ही भाड्याने आणायचे आणि रात्रभर सिनेमे चालायचे. तिथेच मी १९८७चा हिंदी 'सुपरमॅन' पाहिला. पुनीत इस्सर नायक, शक्ती कपूर खलनायक. नायक उडायला लागला की चित्राचा पोतच बदलायचा, कारण उड्डाणाची दृश्यं हॉलिवूडच्या 'सुपरमॅन'मधून उचललेली होती. आम्ही पोरं खिदळलो. वडील शिंपीकाम करायचे. ते म्हणाले, "जोड दिसतोय, दिसू दे. पुढं काय होतंय ते बघ."

पुढे कॉलेजात मी मित्रांसमोर सत्यजित राय यांचं नाव घ्यायचो आणि सुटीत गावी आलो की वडिलांशेजारी बसून यंत्रमानवांची मारामारी बघायचो. ही गोडी कशात आहे आणि तिची लाज का वाटते, याचा हा शोध.

त्याचं उत्तम उदाहरण महाराष्ट्रातच आहे. यंत्रमागांच्या मालेगावात व्हिडिओ पार्लर चालवणाऱ्या नासिर शेख यांनी २००० साली 'मालेगाव के शोले' केला. त्यानंतर त्यांनी 'मालेगाव का सुपरमॅन' हाती घेतला. त्या खटपटीवर फैझा अहमद खान यांनी २००८मध्ये 'सुपरमेन ऑफ मालेगाव' हा माहितीपट केला. त्यातला सुपरमॅन म्हणजे शफीक शेख, यंत्रमागावर काम करणारा किडकिडीत तरुण.

त्याला उडवायचं कसं? हिरव्या पडद्यासमोर माणसाचं चित्रण करायचं, मग संगणकाने हिरवा रंग पुसून तिथे आकाश बसवायचं. हिरवाच का? माणसाच्या कातडीत तो रंग ठळक नसतो, म्हणून माणूस शाबूत राहतो. निळा पडदाही चालतो. पण सुपरमॅनचा पोशाखच निळा, त्यामुळे पडद्याबरोबर अंगही पुसलं जाईल! मोठ्या स्टुडिओतही तत्त्व हेच असतं. फरक असतो तो प्रकाशयोजनेत, वेळात आणि कडा साफ करणाऱ्या हातांच्या संख्येत. ते नसले की माणसाभोवती हिरवट कड राहते. म्हणजे जोड दिसतो.

गंमत तिथेच सुरू होते. जोड दिसला की उरलेलं काम प्रेक्षकाला करावं लागतं. आपल्याला हे नवं नाही. तमाशाच्या गवळणीत मावशीचं काम पुरुष करतो, दोन पावलांत मथुरेची वाट सरते आणि कुणी हरकत घेत नाही. महागडा सिनेमा आपल्याला फसवतो. स्वस्तातला सिनेमा आपल्याला खेळात घेतो.

काटकसरीत नुसतं हसूच पिकतं असंही नाही. अमेरिकेत रॉजर कॉर्मन यांनी स्वस्त सिनेमांचा कारखानाच चालवला. त्यांच्या १९८०च्या 'बॅटल बियाँड द स्टार्स'वर जेम्स कॅमेरॉन कलादिग्दर्शन करत होते. त्यांचा १९८४चा 'टर्मिनेटर' सुमारे ६४ लाख डॉलरमध्ये झाला. सात वर्षं आधीच्या 'स्टार वॉर्स'ला एक कोटीहून अधिक लागले होते. भविष्यातलं युद्ध थोडंसंच दाखवून कॅमेरॉननी बाकी गोष्ट आजच्याच रस्त्यांवर घडवली. पैसे वाचले आणि भीतीही जवळ आली.

मग लाज कसली? माझ्या मते ती सिनेमाची नसते, हसण्याची असते. 'यांना एवढंही जमत नाही' असं म्हणून हसणं वेगळं आणि 'एवढ्याशा सामानात उडायला निघाले!' असं म्हणून हसणं वेगळं. पहिलं हसू वरून खाली पाहतं. मालेगावकर आपल्या सुपरमॅनला हसले ते दुसरं हसू. तो त्यांच्यातलाच होता. शफीक पुढे तरुणपणीच कर्करोगाने गेले. हे कळल्यावर मी तो माहितीपट पुन्हा पाहिला. विनोद तेच होते, पण पहिलं हसू काही फुटेना.

कॉलेजच्या वर्षांत मी सिनेमा लपवत नव्हतो, शेजारी बसलेले वडील लपवत होतो. त्यांना ते कळलं असावं. एका सुटीत त्यांनी सिनेमा लावलाच नाही. मीही विचारलं नाही. आज ते नाहीत. मालेगावचा सुपरमॅन त्यांना दाखवायला हवा होता. चड्डीची लोंबती नाडी त्यांनी आधी हेरली असती आणि मग म्हणाले असते, पुढं बघ.