कर्करोगाचं सोंग घेणारी सूज

साठीच्या घरातला पुरुष. डोळे पिवळे, लघवी गडद, अंगाला खाज, वजन उतरलेलं. पोटात मात्र फारशी कळ नाही. सोनोग्राफीत पित्तनलिका फुगलेली आणि सीटी स्कॅनमध्ये स्वादुपिंडाच्या डोक्याशी गाठ. असे रिपोर्ट पाहून डॉक्टरांच्या मनात आधी कर्करोग येतो आणि बहुतेकदा तोच निघतो. थोड्या रुग्णांत मात्र ती सूज असते, प्रतिकारशक्ती स्वतःच्याच स्वादुपिंडावर उलटल्यामुळे आलेली. हा ऑटोइम्यून पॅन्क्रिअटायटिस. दारूमुळे किंवा पित्ताशयातल्या खड्यांमुळे होणाऱ्या, रुग्णाला गडाबडा लोळायला लावणाऱ्या स्वादुपिंडदाहाशी त्याचं फारसं साम्य नाही. स्टिरॉइडने तो झपाट्याने ओसरतो, आणि नेमका इथेच मोह होतो: रक्ताची एक तपासणी करावी, गोळ्या सुरू कराव्यात, ऑपरेशन टळलं तर टळलं. हा मोह आवरायला हवा. या आजाराचं निदान कुठल्याही एका रिपोर्टवर उभं राहत नाही.

रक्ततपासणीचंच घ्या. अशा रुग्णाचं वर्णन फ्रान्समध्ये सार्ल्स यांनी १९६१ सालीच केलं होतं, पण आजाराला आजचं नाव मिळालं ते १९९५ साली, जपानमध्ये. पुढे २००१ मध्ये तिथल्याच शिन्शू विद्यापीठातल्या हामानो आणि सहकाऱ्यांनी दाखवून दिलं की या रुग्णांच्या रक्तात आयजीजी-४ हे प्रतिपिंड वाढलेलं असतं. डेसिलिटरमागे १३५ मिलिग्रॅम ही रेषा तेव्हापासून रूढ झाली. पण स्वादुपिंडाच्या कर्करोगाच्या शंभरातल्या पाच-दहा रुग्णांतही ही पातळी थोडी चढलेली सापडते. टक्केवारी किरकोळ वाटेल. पण कर्करोग या आजारापेक्षा कितीतरी अधिक आढळतो, त्यामुळे १५०-१६० असा आकडा आलेला रुग्ण कर्करोगाचाच असण्याची शक्यता पुष्कळ उरते. आकडा दुपटीच्या वर गेला तर पुराव्याला वजन येतं. उलट, आयजीजी-४ नॉर्मल आलं म्हणून आजार नाही असंही नाही: तरुणांत दिसणाऱ्या, अनेकदा अल्सरेटिव्ह कोलायटिससोबत येणाऱ्या दुसऱ्या प्रकारात ते सहसा वाढतच नाही.

म्हणून २०११ च्या आंतरराष्ट्रीय निकषांत अनेक पुरावे एकत्र तोलले आहेत. नमुनेदार रुग्णात सगळं स्वादुपिंड सॉसेजसारखं फुगलेलं, कडेने गुळगुळीत आणि भोवती फिकट पट्टा असलेलं दिसतं. मुख्य नलिका लांबवर अरुंद झालेली असते, पण तिच्या मागचा भाग फारसा फुगत नाही. कर्करोगात तो बहुधा फुगतो. सोबत लाळग्रंथी, मूत्रपिंड किंवा पित्तनलिकाही सुजलेल्या असतील तर संशय बळावतो. शंका उरलीच तर एंडोस्कोपिक सोनोग्राफी करून सुईने तुकडा घेतात. त्यात कर्करोगाच्या पेशी सापडल्या तर प्रश्न मिटला. सापडल्या नाहीत म्हणून मात्र कर्करोग नाहीच असं ठरत नाही, सुई नेमक्या जागी गेलेली नसू शकते.

यावर कुणी म्हणेल, इतका घोळ कशाला, थेट ऑपरेशन करा. पण व्हिपल शस्त्रक्रियेत स्वादुपिंडाचं डोकं, लहान आतड्याचा सुरुवातीचा भाग, पित्ताशय आणि पित्तनलिकेचा काही भाग काढावा लागतो. गोळ्यांनी बऱ्या होणाऱ्या सुजेसाठी ही किंमत फार झाली. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे: स्टिरॉइड देऊन वाट पाहण्यात कर्करोगाला वेळ मिळणार नाही का? वाट अनिश्चित असेल तर नक्कीच मिळेल. म्हणूनच स्टिरॉइडची ही चाचणी कर्करोगासाठी आधी कसून शोध घेऊन, निवडक रुग्णांतच, साधारण दोन आठवड्यांची मुदत घालून करतात आणि पुन्हा स्कॅन काढतात. सूज आणि नलिकेचं अरुंदपण स्पष्ट कमी झालेलं दिसायला हवं. ‘बरं वाटतंय, भूक लागतेय’ हा पुरावा नव्हे. स्टिरॉइडने कर्करोगाच्या रुग्णालाही भूक लागते. कावीळ उतरली हेही पुरेसं नाही, पित्तनलिकेत स्टेंट घातलेला असेल तर ती तशीही उतरते. स्कॅनमध्ये फरक नसेल तर निदानच बदलावं लागतं, डोस वाढवून भागत नाही.

आपल्याकडे आणखी एक गोष्ट आधी पाहावी लागते. क्षयरोगही क्वचित स्वादुपिंडात गाठ करतो, आणि तिथे नुसतं स्टिरॉइड दिलं तर तो उसळू शकतो. मधुमेह असेल तर साखरेवर रोजची नजर लागते. निदान पक्कं ठरलं तरी पहिल्या, म्हणजे आयजीजी-४ वाढणाऱ्या प्रकारात गोळ्या कमी करताना किंवा थांबल्यावर आजार अनेकदा उलटतो. दुसऱ्या प्रकारात तसं क्वचितच घडतं.