पेरणीचा निर्णय आणि प्रभाव-आकृती

अनिश्चिततेतला निर्णय चित्ररूपाने मांडणाऱ्या प्रभाव-आकृतीची पद्धत रोनाल्ड हॉवर्ड आणि जेम्स मॅथेसन यांनी १९८१ मध्ये सविस्तर मांडली. तिच्यात चौकोन म्हणजे निर्णय, लंबगोल म्हणजे अनिश्चित बाब आणि शंकरपाळ्याचा आकार म्हणजे अंतिम लाभ.

करमाळा तालुक्यातील केमच्या कोरडवाहू शेतात रब्बीला ज्वारी पेरावी की हरभरा, हा निर्णय चौकोनात येतो. जमिनीतली ओल, पुढचा पाऊस आणि बाजारभाव लंबगोलांत बसतात. धान्य-कडब्याचे उत्पन्न लाभात. निर्णयासह या साऱ्यांचे बाण लाभाकडे जातात. ओल पेरणीआधी तपासता येते, म्हणून तिचा आणखी एक बाण निर्णयाकडे जातो.

प्रत्येक शक्यतेला संभाव्यता दिली की दोन्ही पिकांचा अपेक्षित लाभ ताडून पाहता येतो. पावसाचा अंदाज मिळाल्याने लाभ किती वाढेल, हेही त्यातून काढता येते.