रोपाची तहान पहाटे कळते

टोमॅटोचं रोप खरंच तहानलंय का, हे दुपारी ठरवू नये. उन्हाळ्यात शेडनेटखालीसुद्धा रोपं माना टाकतात, कारण मुळं ओढतील त्याहून जास्त पाणी पानांतून उडून जातं. ऊन कललं की ती पुन्हा ताठ होतात. म्हणूनच नारायणगावच्या बाजूला रोपवाटिकांत काम करणाऱ्या बाया सकाळी लवकर फेरी मारतात. रात्र उलटूनही पान लोंबतच असेल, तर बहुधा मुळाशी ओल उरलेली नाही. ट्रे उचलला की वजनावरूनही त्यांना ते कळतं. कडेचे कप्पे आधी वाळतात.

माना टाकण्याच्याही आधी एक खूण दिसते: नवं पान वाढायचं थांबतं. पेशी फुगायला आतून पाण्याचा दाब लागतो. तो थोडासा उतरला तरी वाढ अडते. अन्न तयार होणं मात्र अजून चालू असतं, आणि वरच्या वाढीला न लागलेली साखर मुळांच्या वाट्याला येते. ताण वाढला की रोपात अ‍ॅब्सिसिक आम्ल हे संप्रेरक वाढतं आणि पानांवरची रंध्रं मिटतात. पाणी वाचतं, पण कार्बन डायऑक्साइडची वाटही तीच असल्याने अन्ननिर्मिती मंदावते. बाष्पीभवनाचा गारवा गेल्याने पान तापतं.

वाढ जरा अडेल, इतपत ताण मला हवाच वाटतो. लागवडीआधीच्या शेवटच्या आठवड्यात पाणी हळूहळू कमी करून ऊन वाढवलं, की खोड आखूड आणि टणक होतं, पान जाडसर आणि गडद होतं. भरपूर पाण्यावर वाढलेलं लुसलुशीत रोप दिसायला देखणं, पण उघड्या रानात पहिल्याच दुपारी कोलमडतं. काकडीला मात्र असा ताण फार देऊ नये. तिचं पान मोठं, नाजूक, आणि दुखावलेली मुळं सावरायला जड.

हद्द ओलांडली की चित्र पालटतं. रंध्रं मिटलेली, वर ऊन तसंच. पानाने शोषलेला प्रकाश अन्नासाठी वापरला जात नाही आणि त्यातून तयार होणारे घातक ऑक्सिजन-रेणू हरितद्रव्य जाळतात. खालची पानं पिवळी पडतात. मग कितीही पाणी द्या, ती पानं पुन्हा हिरवी होत नाहीत.

त्यात ट्रेमध्ये भरलेल्या कोकोपीटची वेगळीच अडचण. ते पूर्ण वाळलं की लगेच पाणी धरत नाही. झारीचं पाणी कप्प्याच्या कडेने खाली निघून जातं. वरून ओलं दिसतं आणि आतला मुळांचा जारवा कोरडाच. असा ट्रे खालून पाण्यात बुडवून मुरू द्यावा लागतो, आणि मगच रोपं लागवडीला काढावीत.