दिवाळीनंतरचा वर्ग

आमच्या वटारला दिवाळी सरली की वाड्यांतून भाजीची लगबग सुरू होते. त्याच दिवसांत वसई तालुक्याच्या पूर्वेकडे वीटभट्ट्यांवर माती भिजू लागते, आणि जव्हार, मोखाडा, विक्रमगडची आदिवासी कुटुंबे बिऱ्हाडासह तिथे उतरतात. या स्थलांतराचे दुसरे टोक मी त्या भागातल्या एका पाड्यावरच्या शाळेत शिक्षक म्हणून पाहिले.

पहिल्या सत्रात वर्ग भरलेला असे. दिवाळीच्या सुटीनंतर शाळा उघडावी, तर निम्मी मुले गेलेली. ती परतायची पावसाच्या तोंडावर. तोवर परीक्षा होऊन निकालही लागलेला असे.

तिसरीला हातच्याची वजाबाकी मी दिवाळीनंतर घेत असे. जूनमध्ये चौथीत बसलेल्या त्या मुलांना ती येणार कुठून? एक मुलगा विटांचे थर पाहून हजारांचा हिशेब तोंडी सांगायचा. पाटीवर 52 मधून 27 वजा करताना मात्र अडायचा. त्याच्या नावापुढे ‘अप्रगत’ हा शेरा मीच लिहिला आहे.

आईबापांना शिक्षणाचे महत्त्व कळत नाही, असे आपण सहज म्हणून जातो. पावसाळ्यात घरात दाणा नसतो, तेव्हा भट्टीमालकाची उचल घ्यावी लागते. ती फेडायची हजार विटांमागे ठरलेल्या मजुरीतून. थोरली मुलगी तान्ह्याला सांभाळते, तेव्हा कुठे आईचे हात मोकळे होतात.

मुले शाळेत येत नसतील तर शाळेने मुलांकडे जावे, हा विचार आपल्याच जिल्ह्यात रुजला. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1945 साली बोर्डीला काम सुरू केले. पुढे कोसबाडला गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा निघाली. नंतर ‘विधायक संसद’ने भट्टीवरच भोंगाशाळा भरवल्या. भोंगा म्हणजे मजुराचे तात्पुरते खोपटे.

2009 च्या शिक्षण हक्क कायद्याने वयानुरूप वर्गात प्रवेश दिला, मागे राहिलेल्यांसाठी विशेष प्रशिक्षणही सांगितले. स्थलांतरित मुलांसाठी शिक्षण हमी कार्ड आले. पण भट्टीपासून शाळा लांब असली, तर कार्ड गाठोड्यातच राहते. त्यापेक्षा मूल गावातच राहील अशी सोय मला अधिक भरवशाची वाटते. हंगामी वसतिगृहाची कल्पना तीच. मात्र धान्य आणि पैसा दिवाळीपूर्वी पोहोचला पाहिजे. बिऱ्हाड हलल्यावर मंजुरी येऊन काय उपयोग?

एका वर्षी आम्ही घरोघर जाऊन विनवले, तेव्हा तीन मुले आजीपाशी राहिली. एप्रिलमध्ये तिघेही परीक्षेला बसली. हातच्याची वजाबाकी दोघांना आली.